आतोबांनी मांडलेला सर्व्हर

माझ्या आत्याच्या यजमानांचा अंदाज चुकल्याचं दाखवून देणारा माणूस उभ्या रत्नागिरी तालुक्यात अजून जन्माला यायचा होता, आणि तो आला असता तरी किती वाजता येईल हे त्यांनी आदल्या दिवशीच सांगून ठेवलं असतं. आम्ही त्यांना आतोबा म्हणायचो. सरकारी कचेरीत हेडक्लार्क म्हणून ते निवृत्त झाले, पण ती नोकरी त्यांनी बहुधा वेळ घालवायला केली असावी. त्यांचा खरा व्यवसाय म्हणजे पंगतीत किती पानं बसतील ते सांगणं. लग्न असो, मुंज असो, नाहीतर बारावं-तेरावं, आचारी भांडी उतरवायच्या आधी विचारायचा, "काका येऊन बघून गेले का?" मग आतोबा यायचे. हात मागे बांधून मांडवाच्या दाराशी उभे राहायचे आणि माणसांकडे न बघता चपलांच्या ढिगाकडे बघायचे. "माणसं मानानं फुगतात," ते म्हणायचे, "चपला आहेत तेवढ्याच असतात." मांडवीला एका मुंजीत यजमानांनी तीनशे पानं सांगितलेली असताना ह्यांनी दोनशे बारा सांगितली. जेवणं उरकल्यावर पत्रावळी मोजल्या तर दोनशे अकरा भरल्या. आतोबा बेचैन झाले, मागच्या अंगणात गेले आणि उपाशीपोटी चूल सांभाळणाऱ्या बाईला पानावर बसवूनच परत आले.

ही विद्या पंगतीपुरती राहिली असती तर गोष्ट वेगळी होती. सकाळच्या फेरीला ते मिरकरवाड्याला जायचे. मासळीला जन्मात कधी बोट लावलेलं नाही, पण धक्क्यावर उभं राहून, येणारा ट्रॉलर पाण्यात किती बुडालाय ते बघून, त्यात किती टोपल्या माल आहे हे मोठ्यानं जाहीर करायचे. लिलाव सुरू व्हायच्या आत गिऱ्हाइकांना मालाचा सुगावा लागायचा आणि भाव पडायचा. एका कोळणीनं शेवटी हात जोडले. "काका, तुमी देवमाणूस हायसा, पन उद्याधरनं वाईच बागेकडं फिरायला जावा!" घरात तर विचारूच नका. ओटीवर बसल्या बसल्या, स्वयंपाकघरातल्या थापटण्याच्या आवाजावरून हे आत सांगायचे, "अगो, दोन भाकऱ्यांचं पीठ जास्त भिजवलंस." आत्या चाळीस वर्षं ह्या माणसाबरोबर राहिलेली. ती आतूनच म्हणायची, "त्या दोन तुमच्या नव्हेत."

त्यांच्या सगळ्या अंदाजांना कागद मात्र एकाच जातीचा लागायचा, जुन्या लग्नपत्रिकांची कोरी बाजू. शेंदरी गणपतीच्या पाठीवर पेन्सिलीनं आकडे. आणि नियम तीनच. बसायला जागा किती, वाढपी किती, आणि बसलेला माणूस किती वेळ बसतो. "तिसरं कोणी धरत नाही," ते बोट वर करून म्हणायचे, "म्हणून लोकांच्या पंगती चुकतात. ताक पिऊन झालं तरी शेजाऱ्याशी गप्पा मारत बसणारा एक माणूस दोन माणसांची जागा खातो." हे वाक्य मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलं होतं की ते आलं की आपोआप माझी मान हलायची.

पंगतीचं हे शास्त्र एके दिवशी अमेरिकेतल्या एका यंत्राला लागू पडणार आहे, ही कल्पना मात्र मला नव्हती. दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट. मी तेव्हा रत्नागिरीत कॉम्प्युटरचे क्लास चालवायचो आणि जोडीला कोणी सांगितली तर वेबसाइट करून द्यायचो. आमचं गाव पावसच्या पलीकडे. आत्या दिली तीही गावातल्या गावातच, वरच्या वाडीत, फणसाखालच्या घरात. नोकरीपासून दोघं राहायची रत्नागिरीत, मांडवीला; गावचं घर शिमग्याला उघडायचं. आमच्याकडे घरांना आडनावं नसतात, जागा असतात. विहिरीवरलं घर, गडग्याकडलं घर, चिंचेकडलं घर. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी सहाणेवरून, म्हणजे तिच्या दगडी चौथऱ्यावरून उठते आणि दारोदार फिरते. ती ज्या वेळी आपल्या खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात येईल त्या वेळी घरचं माणूस हजर असायला हवं, देवीची ओटी भरायला हवी, बाकी वर्षभर काहीही झालं तरी चालतं. पण पालखी कधी येणार हे देवीखेरीज कोणाला ठाऊक नसतं. कोणाच्या खळ्यात ती अर्धा तास नाचते, कोणाकडे दोन मिनिटांत उठते. एका दिवसाची रजा घेऊन मुंबईहून निघालेला चाकरमानी पाखाडीच्या पायऱ्या धापा टाकत चढायचा आणि वर पोचल्यावर त्याला नुसता उधळलेला गुलाल दिसायचा.

म्हणून मुंबईतल्या आमच्या गावकऱ्यांच्या मंडळाच्या सांगण्यावरून मी एक साइट केली होती. गावातल्या प्रत्येक घराची त्यात एक नोंद. पालखीबरोबर फिरणारे आतोबा जिथे टेलिफोन असेल त्या घरातून मला रत्नागिरीला कळवायचे, आणि मी लगेच त्या घरापुढे वेळ टाकायचो. पहिल्याच वर्षी तिचा फज्जा उडाला. साइट दुसऱ्या पन्नास साइटींबरोबर एकाच सर्व्हरवर दाटीवाटीनं ठेवलेली. सकाळी सगळे एकदम बघायला आले, आणि शेजाऱ्यांना त्रास होतो म्हणून त्या कंपनीनं ती सरळ बंद केली. तिच्या भरवशावर पनवेलला चहा पीत थांबलेल्या चार कुटुंबांची पालखी चुकली. त्यातल्या एका म्हाताऱ्या बाईंनी मला फोनवर फक्त एवढंच विचारलं, "का रे बाबा, असं का केलंस?" त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. पुढच्या वर्षी पुन्हा असं झालं तर साइट गुंडाळायची असं मंडळानं ठरवलं, आणि मी मनातल्या मनात गावात तोंड दाखवायचं बंद करायचं ठरवलं.

त्या वर्षी मंडळानं साइटीसाठी अख्खा एक सर्व्हर भाड्यानं घ्यायचं कबूल केलं. कंपनीनं एकाच दरात तीन प्रकार पाठवले. एकात दोन प्रोसेसर, पण मेमरी अर्धा जीबी. दुसऱ्यात एक प्रोसेसर आणि एक जीबी. तिसऱ्यात आणखी जुना, मंद प्रोसेसर, पण दोन जीबी. मुंबईचे चिटणीस फोनवर म्हणाले, "दोन प्रोसेसरवाला घ्या हो, विचार कसला करता? फास्ट पायजे, एकदम फास्ट!" मलाही तसंच वाटत होतं. दोन प्रोसेसर म्हटलं की ऊर भरून यायचा तो काळ. छापलेला कागद घेऊन मी मांडवीला गेलो ते खरं म्हणजे आत्याकडे फणसाची भाजी होती म्हणून. आतोबांनी कागद लांब धरून वाचला आणि विचारलं, "प्रोसेसर म्हणजे काय करतो?"

"काम करतो. जो माणूस येईल त्याला हवं ते काढून देतो."

"म्हणजे वाढपी. आणि मेमरी?"

"काम चाललेलं असतं तेव्हा ते तिथे मांडलेलं असतं. जेवढे लोक एका वेळी आले, त्या प्रत्येकाला थोडी थोडी लागते."

"म्हणजे बसायची जागा. आणि जागा संपली तर?"

"मग तो डिस्कवर मांडतो. पण डिस्क फार हळू. सगळंच रखडतं."

आतोबांनी चष्मा काढला. "म्हणजे माणसं गोठ्यात बसवायची आणि वाढप्यानं आमटीचं भांडं घेऊन घर ते गोठा पळत राहायचं. मेल्या, आणि तू दोन वाढपी घेतोस? जागा अर्ध्या जीबीची! दुसऱ्यानं काय उन्हात उभं राहायचंय?" एवढं बोलून त्यांनी एक पत्रिका उलटी केली. पुढचा तासभर त्यांनी माझी जी उलटतपासणी केली तशी माझ्या परीक्षकांनीही कधी केली नव्हती. एका माणसाला जागा किती? मी माझ्या मशिनवर मोजून बघितलं होतं, आठ एमबी. यंत्राला स्वतःला किती? दोनशे धरा. "ते स्वयंपाकघर, ते वजा." मग एक जीबीत शंभर माणसं. ह्या साइटीत डोकं चालवायचं काम फारसं नाही, वेळ लिहिलेली आहे ती नुसती दाखवायची, म्हणजे वाढपी एकच पुरे. मी थक्क झालो. ज्या गोष्टी मी पुस्तकं वाचून अर्धवट समजलो होतो त्या ह्यांनी भाजी गार व्हायच्या आत मांडून दाखवल्या.

मग त्यांनी डोळे मिटून गाव मोजलं. घरं एकशे एकतीस. त्यातली त्रेचाळीस बंद, ती कटाप. उरली अठ्ठ्याऐंशी. घरटी एक माणूस एका वेळी बघणार. "अठ्ठ्याऐंशी, आणि बारा हातचे. एक जीबी." गावजेवणाची यादी आमच्याकडे अशीच होते. ज्या दाराला कुलूप, त्याचं पान नाही. ती यादी बघत मी लहानाचा मोठा झालो, त्यामुळे बंद घरं खोडली ह्यात मला काहीच वावगं वाटलं नाही. मी फक्त म्हटलं, "आतोबा, दोन जीबीवाला घेऊ या का? पैसे तेवढेच आहेत."

"नको. मांडव मोठा आणि माणसं कमी झाली की पंगत भकास दिसते."

अमेरिकेतल्या एका बंद खोलीत, कपाटात ठेवलेली ती पंगत कोणाला भकास दिसणार होती हे मी विचारलं नाही. त्यांच्यापुढे बोलायची माझी टाप नव्हती. एक जीबीवाला घेतला, आणि शंभरापेक्षा जास्त माणसांना एका वेळी आत घ्यायचं नाही असं त्याला बजावून ठेवलं.

शिमग्यात आतोबा आणि आत्या गावी गेले, घर उघडलं, आणि पालखीच्या दिवशी सकाळपासून त्यांचे फोन यायला लागले. "चिंचेकडलं, दहा चाळीस." मी टाकायचो. दुपारी दोनपर्यंत साइट अशी चालली की मी दोनदा चहा मागवला. अडीचला मुंबईहून पहिला फोन आला, उघडत नाही. मग दुसरा. मग मस्कतहून एक. चिटणीस म्हणाले, "मी सांगत होतो ना, दोन प्रोसेसर!" गेल्या वर्षी पनवेलला अडकलेल्या त्या म्हाताऱ्या बाई ह्या वर्षीही निघाल्या होत्या, आणि साइट बघणाऱ्या कोणाच्या तरी ऑफिसात वाटेतून फोन करून त्यांनी वेळ विचारायची असं ठरलं होतं. तेवढ्यात आतोबांचा फोन आला. मागे ढोल वाजत होते.

"आतोबा, शंभर जागा भरल्यात! बाहेर रांग लागलीय!"

"घरं अठ्ठ्याऐंशी. शंभर माणसं आणलीस कुठून? वाढपी काय करतोय?"

मी बघितलं. "प्रोसेसर रिकामा आहे. हात बांधून बसलाय."

"मग जेवून झालेले उठत नाहीत! कोण किती वेळ बसतो ते धरलंस का?"

मी कपाळावर हात मारला. एकदा आत आलेल्या माणसाला, तो आणखी काही मागेल म्हणून, पंधरा सेकंद जागा धरून ठेवायची अशी सर्व्हरची मूळची रीत असते. मला ती ठाऊक होती, आणि मी तिला हात लावला नव्हता. त्या पंधरा सेकंदांत माणूस वेळ वाचून, मोकळा होऊन, शेजारच्या टेबलावर गप्पा मारायला गेलेलासुद्धा असायचा. "उठव त्यांना!" आतोबा ढोलाच्या वर ओरडले. मी पंधराचे दोन केले आणि सर्व्हर पुन्हा चालू केला. मिनिटाभरात रांग ओसरली. मोबाइलवर चिटणीसांचा पुन्हा फोन आला. ते म्हणाले, "झालं बघा चालू. दुसरा प्रोसेसर टाकलात ना?" मी हो म्हटलं. आनंदात माणूस काहीही म्हणतो.

मला वाटलं, संपलं. पण आतोबांनी फोन ठेवला नव्हता. त्यांचा आकडा चुकला होता, आणि तो का चुकला हे कळल्याशिवाय हा माणूस पालखीपुढेही हलणार नव्हता. "ती जास्तीची माणसं कोण, ते बघ," ते म्हणाले. कोणी कोणतं घर उघडलं ह्याची नोंद सर्व्हरवर होत असते. मी ती चाळली. विहिरीवरलं घर. गडग्याकडलं घर. पुन्हा विहिरीवरलं. शेवटचं घर.

"आतोबा, ही सगळी बंद घरं आहेत."

"त्यांच्यापुढे लिहिलंयस काय?"

"बंद. तुमच्या यादीत होतं तेच."

"आणि तेच वाचायला येतात?"

"पुन्हा पुन्हा येतायत. एकेक जण वीस-वीस वेळा."

मग, मी आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं, त्यांच्या तोंडून ऐकलं, "चुकला रे माझा अंदाज. कुलूप लावलेला माणूस उपाशी असणार, हे मला कळायला हवं होतं." आणि फोन खाली ठेवला.

पुढचं आत्यानं मला नंतर सांगितलं. बंद घरासमोरून पालखी न थांबता पुढे जाते, ही आमची वहिवाट. विहिरीवरल्या घरापाशी पालखी वेग घेणार एवढ्यात आतोबा पाखाडीत मधोमध हात पसरून उभे राहिले. खांद्याला पालखी घेतलेल्यांतला एक जण म्हणाला, "काका, दाराक कुलूप हाय. थांबून काय करायचं?" आतोबा म्हणाले, "कुलूप दाराला आहे. माणसं बघतायत." मानकऱ्यांनी सूर्याकडे बोट दाखवलं. अजून अख्खी खालची वाडी व्हायची होती. आतोबांनी कोणाचं ऐकलं नाही. पालखी त्या गवत माजलेल्या खळ्यात उतरवायला लावली, आत्याच्या पिशवीतला नारळ काढून कुलपाखालच्या उंबऱ्यावर फोडला आणि स्वतःच गाऱ्हाणं घातलं. "बा महाराजा, ह्या घरातली माणसं पोटासाठी लांब गेलीत. येणं झालं नाही, पण डोळे इकडेच लावून बसलीत. त्यांचा राग धरू नको, त्यांना सांभाळून घे!" मग सगळ्या पाखाडीनं एका आवाजात म्हटलं, "व्हय महाराजा!" आत्या म्हणाली, पालखी उचलणाऱ्यांतल्या दोघांचे भाऊ त्याच त्रेचाळिसांत होते.

मला एवढंच कळलं की चार वाजून गेल्यावर फोन वाजला. "विहिरीवरलं घर. चार वाजून पाच मिनिटं. पालखी उभी राहिली. लिही." मी 'बंद' खोडून तेवढंच लिहिलं. मग गडग्याकडलं, मग शेवटचं घर. तिथून पुढचं एकही बंद घर त्यांनी सोडलं नाही. पनवेलच्या बाई वेळेच्या तासभर आधी पोचल्या आणि पालखीची वाट बघत आपल्या खळ्यात बसून राहिल्या. पालखी उशिरा येतेय म्हणून ज्यांनी त्या दिवशी देवीचे आभार मानले अशा त्या एकट्याच असाव्यात. ज्या आतोबांनी पाच मिनिटांचा उशीर कोणाला माफ केला नव्हता, त्यांनी त्या वर्षी गावाची पालखी तीन तास उशिरा सहाणेवर नेली. मला त्या माणसाचा एवढा अभिमान त्याआधी कधी वाटला नव्हता.

पुढच्या वर्षी त्यांनी मला एक पत्रिका धाडली. गणपतीच्या पाठीवर लिहिलं होतं, "दोन जीबी. आधी बंद घरं मोजणे, मग उरलेली." आता तो सर्व्हरही जुना झाला, त्याच्या जागी दुप्पट जागेचा आला, पण नवा सर्व्हर घ्यायची वेळ आली की मी अजून आधी बंद घरंच मोजतो. ती दर वर्षी वाढतायत.

गेल्या वर्षी त्यांत एकाची भर पडली. आतोबा पावसाळ्याच्या तोंडाशी गेले, लेक बडोद्याला, आणि आत्याच्या गुडघ्यांना पाखाडी चढवत नाही. फणसाखालच्या घराला शिमग्यातही कुलूपच राहिलं. शिमग्याच्या दिवशी आत्या चष्मा पुसून माझ्या क्लासात येऊन बसली. पाच वाजता गावाहून फोन आला आणि मी ओळ टाकली. फणसाखालचं घर, पाच वाजून दहा मिनिटं, पालखी उभी राहिली. आत्यानं ती वाचली, हात जोडले, पदरानं डोळे टिपले. मग पुन्हा वाचली. संध्याकाळच्या बॅचची मुलं दारात ताटकळत उभी होती, आणि जेवून झालेल्यानं जागा धरून बसायचं नाही हा तिच्याच यजमानांचा नियम. पण ती उठेना, आणि मी मुलांना सांगितलं, आज सुट्टी.